लांब धरलेलं विमान

सासरे दारात येऊन उभे राहिले तेव्हा माझ्या उजव्या हाताला विमानाचा वरचा पंख चिकटलेला होता.

म्हणजे मी तो धरला नव्हता, तोच मला चिकटला होता. क्षणात धरणारा तो डिंक असतो ना, त्याच्या नळीचं तोंड बुजलं होतं. मी जरा जोर केला आणि अंगठा, तर्जनी आणि पंखाची कड यांचं असं काही जमलं की सुटायचं नाव नाही. त्यातच बाहेर काळीपिवळी जीप थांबल्याचा आवाज, मेव्हण्याची हाक, आणि आण्णा, म्हणजे माझे सासरे, थेट उंबऱ्यात. पाया तर पडायलाच हवं. डाव्या हातानं पडावं तर सासरवाडीत वर्षभर चर्चा. पडलो तसाच, उजव्या हातानं, त्या अडीच फुटी सांगाड्यासकट. पंखाचं टोक त्यांच्या धोतरात अडकलं.

आण्णा खाली वाकून म्हणाले, "जावईबापू, सूप घेऊन काय पाखडायलात?"

बायको हसली, मेव्हणा हसला, मीही हसून घेतलं. मग लक्षात आलं की आण्णा हसत नव्हते. त्यांना खरोखरच सूप दिसलं होतं. नुसत्या बांबूच्या कामट्या, अजून कापड न चढवलेल्या. त्यातला वीतभर तुकडा त्यांच्या नजरेत आला असणार आणि बाकीचं सूप त्यांनी मनानं पुरं केलं असणार. बायकोचं हसू तोंडातच राहिलं. ती माझा हात धरून मला मोरीत घेऊन गेली, कोमट पाणी आणि गोडंतेल लावून बोटं सोडवत बसली, आणि हळूच म्हणाली, "अहो, मागच्या महिन्यात एवढं नव्हतं. होईल ना सोमवारच्या आत?"

"होईल की," मी म्हणालो. पंखाची एक फासळी माझ्या अंगठ्याबरोबर उखडून आली होती.

आण्णा पिशोरच्या बाजूचे. जन्म रानात गुरं वळण्यात गेला, पुढं थोडी कोरडवाहू जमीन केली. काचबिंदूनं डावा डोळा केव्हाच नेला होता. उजव्याचंही कडेकडेचं सगळं मिटत आलं होतं. मधोमध नळीतून पाहिल्यासारखं तेवढं शिल्लक. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल. टिकेलच असा शब्द देत नाही. नाही केलं तर मात्र जाणार. सोमवारी ऑपरेशन, रविवारी संध्याकाळी दवाखान्यात भरती.

हे सगळं ऐकून आण्णांनी लेकीला एवढंच सांगितलं होतं, "जायचा तर जाऊ दे गं माय डोळा. लई बघितलं. फक्त ते इमान एक डाव पुन्हा दिसाय पायजे व्हतं."

आणि माझी बायको माझ्याकडं न बघता म्हणाली होती, "हे करून देतील की."

हे म्हणजे मी. ज्या घरात तिपाईला एक पाय कमी आहे आणि ती भिंतीला टेकूनच उभी राहते, ज्या घरात रेडिओचं पोट गेली कित्येक वर्षं उघडं आहे, त्या घरचा कर्ता. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून पोट भरतो, त्यामुळं रेघ सरळ येते. पण कागदावरची रेघ आणि चिकटवलेली काडी यांच्यात फरक आहे, आणि तो काडीला बरोबर कळतो.

आता ते विमान. पोलीस ॲक्शन होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. ॲक्शनच्या वेळी डोक्यावरून विमानं घोंगावत गेलेली, ती धास्ती लोकांच्या पोटातून गेली नव्हती. एक दिवस ऐन दुपारी घरघर ऐकू आली तसं सगळं गाव उठलं आणि नाल्यात, तुरीत, खोऱ्यात जाऊन लपलं. आण्णा तेव्हा मिसरूड फुटलेला गडी. गायी सोडून पळता येईना म्हणून राहिले. विमान पडीक माळावर उतरलं. एकावर एक दोन पंख, मधी तारा, पुढं पंखा, बसायला पुढंमागं दोन खड्डे. एक माणूस खाली उतरला, हातानं खूण करून पाणी मागितलं, पिऊन इंजिनात डोकं घालून बसला. इकडं गायींना पंखाच्या कापडावरच्या रोगणाची चव लागली. त्या चाटायला लागल्या. आण्णा त्यांना काठीनं हाकलत विमानाभोवती फिरत राहिले. मग त्या माणसानं पुढचा पंखा हातानं फिरवला, आण्णांना लांब उभं केलं आणि माळावरून उडून गेला. तिन्हीसांजेला लोक परत आले तर चाकांच्या रेघासुद्धा गुरांनी तुडवून टाकलेल्या. जे पळाले होते त्यांनी मग ठरवूनच टाकलं की काही उतरलंच नव्हतं.

तेव्हापासून ते घर इमानवाल्याचं घर. मेव्हणा शाळेत गेला की पोरं हात पसरून त्याच्याभोवती घरघर करायची. त्यानं त्यावर एकच उपाय शोधला, लोकांच्या आधी आपणच चेष्टा करायची. आत्ताही माझ्या टेबलावरचा पसारा बघून तो म्हणाला, "दाजी, हेडलाइट बशिवलेत का? आण्णांच्या इमानाला हॉर्नसुदिक व्हता म्हणं."

"तू बघितलंस का मी बघितलं?" आण्णा खाटेवरून म्हणाले. "हॉर्न नव्हता."

मागच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवायला आले तेव्हाच मी आण्णांकडून सगळी माहिती काढून घेतली होती. रंग? "ॲल्युमिनच्या पातेल्यासारखा, पण घासून ठेवलेल्या." शेपटीवर काय? "तीन पट्टे, झेंड्याचे." अक्षरं? अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यांनी काठीनं अंगणात काढून दाखवली. एक बैलाची शिंगं आणि एक खुट्टीवर आडवं टाकलेलं जू. इंग्रजीतलं व्ही आणि टी. पुढची आठवत नव्हती. मी म्हणालो, राहू द्या, मी घालतो काहीतरी. आण्णा म्हणाले, "काहीतरी नका घालू. नाय ते नाय." ती जागा कोरी ठेवली. एका जुन्या मासिकात तसल्या विमानाचं चित्र सापडलं होतं. त्यावरून मापं काढली, खऱ्याच्या एका फुटाला आपला एक इंच.

पंखांच्या फासळ्या पुठ्ठ्याच्या, कणा बांबूचा. इंजिन ज्वारीच्या चिपाडातल्या भेंडाचं, कारण ते ब्लेडनं लोण्यासारखं कापलं जातं. चाकं म्हणजे सलाइनच्या बाटल्यांची रबरी बुचं. वारा अडवायच्या पुढच्या काचा एक्स-रेची फिल्म सोड्यात धुऊन. बसायच्या खड्ड्यांच्या कडेला चामडं, बायकोच्या फाटक्या पर्सचं, विचारून घेतलेलं. हे विचारून घेतलेलं आहे, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. कापड म्हणून आण्णांच्याच विटक्या धोतराची तुकडी. ती साबुदाण्याच्या खळीत भिजवून चढवली आणि वाळल्यावर ढोलाच्या कातड्यासारखी ताठ झाली. त्यावर चंदेरी रंग. मग सुईच्या टोकानं प्रत्येक फासळीवर टाक्यांचे ठिपके, कारण खऱ्या विमानाचं कापड शिवलेलं असतं. हे कोण बघणार होतं? आण्णांना तर सूप आणि पंख यात फरक कळेना. पण त्या नळीतून नेमके ते टाकेच दिसले तर?

शनिवारी दुपारी दोन्ही पंख जागेवर बसले, उभ्या काड्या बसल्या, आणि तारा उरल्या. तारांवाचून त्या विमानाला अर्थच नव्हता. आण्णा प्रत्येक वेळी सांगताना हातानं हवेत फुल्या मारायचे. "तारा, तारा, समदीकडं तारा. वाऱ्यानं वाजायच्या."

शिवणाचा दोरा लावला तर बाजेच्या सुंभासारखा दिसला. तांब्याची बारीक तार लावली तर मुरडली. नायलॉनचा धागा डिंकच धरेना. आतल्या खोलीत कूलर लावून मी घामाघूम बसलो होतो. दाराबाहेर आण्णा बायकोला विचारत होते, "काय करायलेत गं जावई दार लावून?" आणि ती म्हणत होती, "विमानाचंच काम चाललंय." मी मान वर केली तर समोर खुंटीला पिशवी.

आमच्याकडं बायका विंचरल्यावर गळालेले केस टाकत नाहीत. गुंडाळी करून पिशवीत साठवतात. गल्लीत टोपलंवाली बाई येते, "केसांवर भांडीऽऽ" ओरडत, केस तोलते आणि त्या वजनाचं भांडं देते. माझ्या बायकोनं एका मोठ्या पातेल्यासाठी केस धरून ठेवले होते. केस कमी भरले म्हणून त्या बाईनं ते पातेलं तिला दाखवून परत टोपल्यात ठेवलं होतं. पिशवीचं तोंड तिनं लाल दोऱ्यानं बांधलेलं.

मी तो दोरा सोडला.

एकेक केस चिमट्यानं ओढून, टोकाला डिंकाचा ठिपका देऊन, वरच्या पंखापासून खालच्यापर्यंत ताणत गेलो. काय सांगू, हुबेहूब तार. काही पांढरे होते. ते तर उजेडात पोलादासारखे चमकत. त्यांच्या पांढरेपणात माझाही वाटा आहे, तेव्हा थोडा हक्क पोचतो असं मनाशी म्हटलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या फुल्या पुऱ्या झाल्या. पिशवी पुन्हा बांधली, पण माझी गाठ वेगळी पडली. दोनदा सोडून पाहिली. तशी जमली नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली. आण्णा पडवीत खाटेवर बसलेले. कूलरच्या खोलीत ते येतच नसत, "त्या खोक्यातली हवा हाडात मुरती." मेव्हणा जीप आणायला गेला होता. बायकोनं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली आणि मला खुणेनं विचारलं. मी विमान दोन्ही हातांवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा पुरी झालेली वस्तू घेऊन बाहेर आलो. बाहेर वैशाखाचं ऊन, तोंडावर तव्याची वाफ यावी तसं.

"आण्णा, हे बघा."

त्यांनी ते मांडीवर घेतलं. तोंडाजवळ नेलं. मान इकडंतिकडं हलवत शोधायला लागले. "हे चाक हाय." मग मान वर सरकली. "हे कापड. टाके हायेत." त्यांचं बोट टाक्यांवरून गेलं. पण पुढं ते शेपटीकडं गेले तोवर चाक हरवलं होतं, चाकाकडं आले तर पंख. "समदं एका जागी येईना," ते म्हणाले. बोलणं आम्हांला नव्हतं, डोळ्याला होतं. विमान त्यांनी अजून जवळ घेतलं. जितकं जवळ, तितका तुकडा लहान.

तेवढ्यात "टक्" झालं.

बारीक आवाज, बोट मोडल्यासारखा. एक उभी काडी खालच्या पंखातून निसटली होती. मी बघतोय तोवर वरच्या पंखाचं टोक हळूहळू आपोआप वळायला लागलं, जणू कुणी अदृश्य माणूस पीळ घालत होता. हात लावावा तर कुठं?

"काय मोडलं?" आण्णांनी विचारलं.

"काही नाही आण्णा," मी म्हणालो. जीपचा हॉर्न वाजला. मेव्हणा फाटकाशी. "चला आण्णा, दवाखान्यावाले नंबर काढतेत!"

बायको खाली वाकली. एका तारेला तिनं नखानं हळूच छेडलं. मग दुसरीला. मग माझ्याकडं बघितलं.

"हे केस आहेत?"

मी फरशीकडं बघत होतो. फरशी अगदी स्वच्छ होती.

"कूलरच्या ओलसर हवेत बसून लावलेत, आणि आणलंत उन्हात," ती म्हणाली. "वाळले की आखडणारच ना ते." तिनं तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि एकेका तारेवरून हलकेच फिरवलं, तान्ह्या पोराचे डोळे पुसावेत तसं. आणि पंख उतरला. खरंच उतरला, हळूहळू जागेवर आला. पण त्या उन्हात ओल टिकणार किती? ते तिलाही दिसत होतं. तिनं विमान आण्णांच्या मांडीवरून उचलून माझ्या हातात दिलं.

"आण्णा, जवळनं नाही दिसायचं. लांबून बघा." आणि मला, "जा घेऊन. लांब."

"किती लांब?"

"त्यांना दिसेपर्यंत!"

आमच्या घरासमोर तेव्हा मोठा रिकामा प्लॉट होता, पार पलीकडच्या बांधापर्यंत. हर्सूलच्या बाजूचे डोंगर दिसायचे. मी पायऱ्या उतरलो, मेव्हण्याच्या जीपसमोरून गेलो आणि विमान छातीशी धरून त्या प्लॉटमधून चालायला लागलो. गच्चीवर कुरडया वाळवणाऱ्या शेजारणी उठून उभ्या राहिल्या. थोडं गेलो की वळून विमान आडवं धरायचं. पडवीतून बायकोचा आवाज यायचा, "अजून!" पुन्हा थोडं जायचं. गोखरूचे काटे चपलेत घुसले. दुसरी काडी निसटली. तिच्याखाली मी अंगठा घातला. तारा ताणत चालल्या होत्या, मला हाताला कळत होतं. एक तर तटकन तुटून माझ्या गालाला लागली. "अजून!" मी जवळजवळ पळतच होतो. मोडायच्या आत पोचायचं कुठंतरी, पण कुठं, हे मला माहीत नव्हतं. ते फक्त त्या एका डोळ्याला माहीत होतं.

"थांब!"

हा आवाज आण्णांचा होता. लग्नापासून त्यांनी मला जावईबापूशिवाय हाक मारली नव्हती. "थांब तिथंच! हलू नगं! वर धर!"

मी वर धरलं. दोन्ही हात डोक्यावर, अंगठ्यानं पंख तोलून. डोंगराकडून उन्हाची एक झुळूक आली आणि पुढचा पंखा फिरायला लागला. तो फिरेल असा काही माझा बेत नव्हता. कानाशी त्या ताणलेल्या केसांमधून काही आवाज आला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

लांब पडवीत आण्णा उठून उभे राहिलेले दिसले. एक हात खांबाला, एक कपाळावर उन्हाआड. मेव्हणा फाटकात उभा. त्याचा हॉर्नवरचा हात केव्हा निघाला होता कोण जाणे. प्लॉट इतका शांत होता की त्यांचं बोलणं मला तुटक तुटक ऐकू येत होतं.

"दिसतंय का रं तुला?"

मेव्हणा फाटकातून दोन पावलं पुढं आला.

"आरं, दिसतंय का?"

"व्हय आण्णा. दिसतंय."

"मंग बघत काय उभा राह्यलास? गायी हाक मागं. चाटतील."

मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. हेडलाइट, हॉर्न, काहीतरी. सबंध जन्म त्यानं हीच तयारी केली होती. त्यानं माझ्याकडं, म्हणजे त्या विमानाकडं बघितलं, मग जीभ टाळ्याला लावून गुरं हाकलतात तसा आवाज काढला.

"हाकल्या, आण्णा."

माझे हात भरून आले होते, पण खाली घ्यायची छाती झाली नाही. आण्णाच शेवटी खाटेवर बसले आणि म्हणाले, "चला आता. कुठं चलायचं ते."

मी परत येऊन पोचेपर्यंत वरचा पंख एका बाजूनं पार उलटा वळला होता. आण्णांनी तो बघितला नाही. त्यांनी डोळा मिटून घेतला होता, आणि जीपमध्ये बसेपर्यंत उघडलाच नाही. बायकोनं त्यांचा हात धरून नेलं.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी बोटं नाचवून विचारलं, काय दिसतं. आण्णा म्हणाले, "व्हतं तेवढं हाय." डॉक्टरांना ते ऐकून आनंद झाला, आम्हांला डॉक्टरांपेक्षा जास्त. मेव्हणा त्यांना पिशोरला घेऊन गेला. जाताना दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो कुणा ओळखीच्या गावकऱ्याला सांगत होता, दोन पंख असत्यात त्याला, एकावर एक. हेडलाइटचा विषय नव्हता.

या सगळ्या दिवसांत बायको केसांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. टोपलंवाली बाई येऊन गेली, बायकोनं पिशवी बाहेर नेली, तशीच आत आणली आणि खुंटीला लावली. पातेलं आलं नाही. मी विचारलं नाही. मी मुकाट्यानं आतल्या खोलीत विमान पुढ्यात घेऊन बसलो, निसटलेल्या काड्या बसवल्या, वळलेला पंख वाफ देऊन सरळ केला. तुटलेल्या तारांच्या जागा मोकळ्या राहिल्या. त्या बघत होतो, खुंटीकडं बघत नव्हतो.

ती समोर पाय पसरून विंचरत होती. फणीतून केसांची गुंडाळी काढली, बोटावर गुंडाळली, आणि पिशवीत टाकायच्या ऐवजी उलगडून त्यातला एकेक केस उजेडात धरून बघायला लागली.

"विचारलं असतंत," ती म्हणाली, "तर लांब-लांब निवडून दिले असते. त्या पिशवीत नुसते तुटके असतात."